निळा आधी का विझतो?

गेल्या उन्हाळ्यात औसा येथे विज्ञान शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीला गेलो होतो. चहाच्या वेळी एका सरांनी आपला मोबाइल पुढे केला. चार वर्षे वापरलेला, काचेला साधा ओरखडाही नाही. पडद्यावर त्यांनी कोरे पांढरे पान उघडले होते, पण ते पांढरे दिसत नव्हते. सगळ्यालाच किंचित पिवळट झाक होती आणि खालच्या भागात, जिथे टाइप करताना अक्षरांच्या कळा उमटतात, तिथे तर कळांचा अख्खा आराखडा पुसट पिवळ्या ठशासारखा कायमचा राहिला होता. दुकानदाराचे म्हणणे, पडदाच बदलावा लागेल. आणि त्याने सांगितलेली किंमत ऐकून सरांनी फोन तसाच खिशात घातला होता.

"पिवळट म्हणजे निळा कमी झाला, इथपर्यंत माझ्या लक्षात आले," ते म्हणाले. "पण निळाच का? आपल्या बसस्टँडवरचा जुना फलक बघा. उन्हाने त्यातला लाल गेला, पिवळा गेला आणि निळा तेवढा उरला. मग फोनमध्ये हे उलटे कसे?"

प्रश्न चांगला होता. चहाच्या वेळात त्याचे जेवढे उत्तर दिले ते अपुरे होते, म्हणून हा लेख.

आधी फलकाचे पाहू. फलकावरची शाई स्वतः प्रकाश देत नाही. अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग ती शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. निळी शाई निळी दिसते, कारण ती लाल-नारिंगी प्रकाश गिळते. पिवळी शाई निळा-जांभळा प्रकाश गिळते, तर लाल शाई निळा आणि हिरवा. म्हणजे ऊन खाताना सर्वांत सौम्य घास निळ्या शाईच्या वाट्याला येतो. शिवाय छपाईच्या निळ्या शाईत बहुधा तांब्याचे थॅलोसायनिन असते आणि हा रेणू फारच चिवट आहे. फोनच्या पडद्यावर मात्र निळा ठिपका निळा प्रकाश गिळत नाही, तो निर्माण करतो. सर्वांत तिखट घास आता त्याच्याच पदरात आहे.

तिखट म्हणजे किती, हे वर्गात सहज काढता येते. प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये हवी असेल, तर १२४० या आकड्याला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. लाल प्रकाश ६२० नॅनोमीटरचा धरला तर २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. हिरवा ५३० चा, म्हणजे सुमारे २.३. निळा ४६० चा, म्हणजे २.७. आता रसायनशास्त्राच्या पुस्तकातला बंध-ऊर्जेचा तक्ता काढा. कार्बन-कार्बन एकेरी बंधाची ऊर्जा मोलला सुमारे ३५० किलोज्यूल, म्हणजे एका बंधाला ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कार्बन-नायट्रोजन एकेरी बंध सुमारे ३.२ चा. तक्त्यातले आकडे सरासरीचे असतात. प्रत्यक्ष रेणूत एखादा बंध याहून बराच दुबळा असू शकतो, विशेषतः रेणूवर विद्युतभार बसलेला असताना. लाल प्रकाश देणाऱ्या रेणूला या बंधांपासून पुष्कळ अंतर राखता येते. निळा देणारा रेणू मात्र विहिरीच्या काठावर बसून काम करतो.

या पडद्याला ओएलईडी म्हणतात, म्हणजे सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोड. येथे एक गल्लत टाळायला हवी. २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी मिळाले, तेव्हा निळ्याचा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. तो सुटला, पण गॅलियम नायट्राइड या स्फटिकापुरता. त्या स्फटिकात प्रत्येक अणू शेजाऱ्यांशी पक्क्या बंधांनी जखडलेला असतो. ओएलईडीत स्फटिक नसतो. कार्बनी रेणूंचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवलेले असतात आणि रेणूंना एकमेकांजवळ धरून ठेवणारे बल दुबळे असते. सगळे थर मिळून जाडी साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या काहीशेव्या भागाएवढी.

एका बाजूने इलेक्ट्रॉन आत सोडायचे, दुसऱ्या बाजूने विवरे. विवर म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. ती धनभारासारखी वागते. दोघे मधल्या थरात एखाद्या रेणूवर भेटले की तो रेणू उद्दीपित होतो. या उद्दीपित जोडीला एक्झिटॉन म्हणतात. रेणू मूळ स्थितीत परतताना प्रकाशकण बाहेर टाकतो. अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली असा पहिला कामाचा दिवा प्रसिद्ध केला. दहा व्होल्टपेक्षा कमी दाबावर तो हिरवा प्रकाश देत होता. शंभर इलेक्ट्रॉन आत गेले की जेमतेम एक प्रकाशकण बाहेर येई, पण तरीही ती मोठी गोष्ट होती. त्याआधीच्या अँथ्रासीनच्या स्फटिकांना प्रकाशासाठी शेकडो व्होल्ट लागत.

शंभरात एकच का? याची दोन कारणे आहेत आणि पहिले कारण थोडक्यात उरकतो. तयार झालेला बराचसा प्रकाश काचेत आणि थरांतच अडकतो; पाण्यात बुडी मारलेल्याला वर पाहताना ठरावीक कोनापलीकडे बाहेरचे दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार. साध्या रचनेत पाचातला एखादा प्रकाशकण बाहेर पडतो.

दुसरे कारण मात्र मुळाशी जाणारे आहे. इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा गुणधर्म असतो आणि त्याच्या दोनच दिशा असतात, वर किंवा खाली. दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉन एकत्र आले, तर दोघे वर, दोघे खाली आणि एक वर-एक खाली असलेली दोन मिश्रणे, अशा एकूण चार अवस्था संभवतात. चारांपैकी तीन एका स्वभावाच्या असतात. त्यांना त्रिक किंवा ट्रिपलेट म्हणतात. चौथी एकटी, ती एकल किंवा सिंगलेट. साध्या सेंद्रिय रेणूत एकल अवस्थाच झटपट, काही नॅनोसेकंदांत, प्रकाश देऊन मोकळी होते. हेच अनुस्फुरण, म्हणजे फ्लुओरेसन्स. त्रिक अवस्थेला खाली उतरायला स्पिनची दिशा बदलावी लागते आणि ती वाट जवळजवळ बंद असते. ती बिचारी ताटकळते आणि शेवटी तिची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे विजेवर केलेल्या खर्चातला पाऊण हिस्सा सुरुवातीलाच वाया.

१९९८-९९ मध्ये बाल्डो, थॉम्पसन, फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बंद वाट उघडली. त्यांनी रेणूच्या मध्यभागी जड अणू बसवला, आधी प्लॅटिनमचा आणि नंतर इरिडियमचा. जड अणूजवळ इलेक्ट्रॉनची स्पिन आणि त्याची कक्षेतली गती एकमेकांत गुंततात, आणि त्रिक अवस्थेलाही प्रकाश देण्याची मुभा मिळते. याला प्रस्फुरण, म्हणजे फॉस्फोरेसन्स म्हणतात. चारही एक्झिटॉन कामाला लागले. लाल आणि हिरव्या ठिपक्यांचा प्रश्न अशा रीतीने सुटला. २००१ साली इरिडियमचा निळसर, खरे तर आकाशी, प्रकाश देणारा रेणूही आला. मग अडले कुठे?

अडले ते वेळेत. प्रस्फुरणाला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो. आपल्याला तो क्षणार्ध वाटतो, पण अनुस्फुरणाच्या नॅनोसेकंदांच्या मानाने ती शेकडो पट मोठी प्रतीक्षा आहे. तेवढ्या काळात थरामध्ये उद्दीपित रेणूंची गर्दी होते. औशाच्या आठवडी बाजारात जो तो भाजी घेऊन लगेच निघाला तर कुणाचा कुणाला धक्का लागत नाही; सगळे गप्पा मारत थांबले की लागतो. येथला धक्का असा, की एक उद्दीपित रेणू आपली २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा शेजारच्या उद्दीपित किंवा भारित रेणूवर टाकतो. शेजाऱ्याजवळ आधीच तेवढी असेल तर बेरीज ५.४ होते. वरच्या तक्त्यात पाहा, कार्बन-कार्बन किंवा कार्बन-नायट्रोजनचा कुठलाच एकेरी बंध एवढ्याला टिकणार नाही. लाल रेणूंच्याही टकरी होतात, पण त्यांची बेरीज ४ भरते. त्यातून ते बऱ्याचदा निभावतात. हिरव्याची ४.६.

निळ्याची आणखी एक अडचण आहे. प्रकाश देणारे रेणू एका यजमान पदार्थात थोड्या प्रमाणात मिसळलेले असतात, आणि ऊर्जा पाहुण्याकडून यजमानाकडे निसटू नये म्हणून यजमानाची त्रिक-ऊर्जा पाहुण्याहूनही वर ठेवावी लागते. म्हणजे निळ्या थरात यजमानसुद्धा काठावरच बसलेला. शिवाय निळ्या इरिडियम रेणूत, धातू आणि कार्बनी भाग यांमधला बंध सैल करणारी एक निरुपयोगी अवस्था फार वर नसते. थोड्याशा उष्णतेने रेणू तिच्यात जाऊ शकतो.

रेणू तुटला म्हणजे एक दिवा कमी झाला, एवढ्यावर भागत नाही. त्याचे तुकडे थरातच राहतात, आजूबाजूच्या धडधाकट रेणूंची ऊर्जा ओढून घेतात आणि ती उष्णतेत घालवतात. त्यामुळे मोजके रेणू तुटले तरी प्रकाश पुष्कळ घटतो. विद्यार्थ्यांना हा भाग नुसता सांगून पटत नाही, दाखवावा लागतो. टॉनिक वॉटर नावाचे पेय लातूरसारख्या शहरात मिळते. त्यात किंचित क्विनीन असते. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधारात त्या पेल्यावर धरा. पाणी सुंदर निळे उजळते. (टॉर्च कुणाच्याही डोळ्यांकडे वळवायचा नाही, हे आधीच बजावून ठेवावे.) आता त्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा. निळा प्रकाश मावळू लागतो. क्विनीन कुठे गेलेले नाही. मिठातील क्लोराइड आयन त्याची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच काढून घेतात. ओएलईडीतले तुटके रेणू नेमके क्लोराइडचे काम करतात.

क्विनीनच्या या निळ्या प्रकाशाचे वर्णन जॉन हर्शेल यांनी १८४५ साली केले आणि १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी त्याचा उलगडा केला. क्विनीनच्या रेणूत क्विनोलिन नावाचे, दोन कड्यांचे एक अंग असते. गंमत अशी की टँग आणि व्हॅन स्लाइक यांच्या हिरव्या दिव्यातला ॲल्युमिनियमचा रेणूही क्विनोलिनच्याच कुळातला होता. आणि आपल्या महाराष्ट्रात नागपूर येथे संजय ढोबळे, एन. तेजो कल्याणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ओएलईडीसाठी जे रेणू अभ्यासले, त्यांतले बरेच डायफिनाइल क्विनोलिनचे आहेत. त्या अंगावर वेगवेगळे गट जोडून निळ्याची छटा कशी सरकते, हे त्यांनी पाहिले. ओएलईडीचा प्रकाशयोजनेसाठी उपयोग या विषयावर या दोघांचा समीक्षालेख २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि २०१७ साली दक्षिण आफ्रिकेतील हेंड्रिक स्वार्ट यांच्यासह या विषयावरचा इंग्रजी ग्रंथही.

या क्षेत्रात काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. परीक्षानळीत निळा उजळणारा रेणू बनवणे फारसे कठीण नाही. तो विजेवर हजारो तास उजळत ठेवणे कठीण आहे. त्यासाठी अत्यंत शुद्ध पदार्थ, निर्वात कक्षात थर चढवण्याची यंत्रे आणि ऑक्सिजन-बाष्पाचा लवलेश नसलेली बंद पेटी लागते, आणि महिनोन्महिने तोच दिवा मोजत बसण्याची चिकाटी. छोट्या प्रयोगशाळांतून रंगपट भरपूर निघतात, आयुष्याचे आकडे कमी. यात मी स्वतःलाही धरतो.

आयुष्य मोजतात तेही समजून घेऊ. दिवा पूर्ण विझण्याची वाट कुणी पाहत नाही. उजेड मूळच्या ९५ टक्क्यांवर यायला किती तास लागले, ते मोजतात. कारण शेजारी-शेजारी असतील तर काही टक्क्यांचा फरकही डोळा टिपतो. सरांच्या फोनवरचा ठसा असाच दिसू लागला. महत्त्वाचे म्हणजे उजेड आणि आयुष्य यांचे नाते सरळ नाही. उजेड दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होत नाही, ते साधारण एक तृतीयांश किंवा एक चतुर्थांश होते. गर्दी वाढली की टकरी त्याहून वेगाने वाढतात, हेच त्यामागचे कारण.

हे एकदा ध्यानात आले की कारखानदारांच्या युक्त्याही कळतात. अनेक पडद्यांत निळा ठिपका लाल-हिरव्यांपेक्षा मोठा ठेवतात, म्हणजे तेवढाच उजेड विस्तृत जागेतून, सावकाश काढता येतो. किंवा दोन दिवे एकावर एक रचतात. प्रत्येकाने निम्मा उजेड द्यायचा, मग आयुष्य दुपटीहून जास्त वाढते. २०१४ साली फॉरेस्ट यांच्या गटाने प्रकाश देणाऱ्या रेणूंचे प्रमाण थराच्या जाडीत क्रमाक्रमाने बदलले, जेणेकरून सगळे एक्झिटॉन एकाच कडेला गर्दी न करता पसरावेत. निळ्या प्रस्फुरक दिव्याचे आयुष्य तेवढ्याने सुमारे दहापट झाले. रेणू तोच, फक्त पेरणी विरळ आणि शहाणपणाची.

बाजारातल्या फोनमध्ये मात्र वर्षानुवर्षे निळ्यासाठी साधे अनुस्फुरणच वापरले गेले, कारण ते कमी कार्यक्षम असले तरी टिकते. १९९५ साली जपानच्या इडेमित्सु कोसान कंपनीतील संशोधकांनी निळ्यासाठी जे रेणू पुढे आणले, ते स्टिल्बीनच्या नात्यातले होते. स्टिल्बीनची मंडळी आपल्या घरात फार पूर्वीपासून आहेत. पांढरे कपडे शुभ्र दिसावेत म्हणून आपल्या आया वापरत तो टिनोपाल याच कुळातला. तो उन्हातले अतिनील किरण गिळून निळा प्रकाश देतो आणि कापडाचा पिवळटपणा झाकतो. तीच बंडी मराठवाड्याच्या कडक उन्हात रोज वाळवत राहिली की हे तेज उतरते. तेथेही रेणू बदलत, तुटतच असतात. अलीकडच्या निळ्या अनुस्फुरक दिव्यांत आणखी एक सोय करतात. दोन त्रिक एक्झिटॉन एकत्र येऊन त्यातून एक एकल तयार होईल असे रेणू निवडतात. एरवी घात करणारी टक्कर येथे थोडी उपयोगी पडते.

त्रिकांचा उपयोग करून घेण्याची दुसरी वाट मला स्वतःला जास्त आवडते. एकल आणि त्रिक या अवस्थांच्या पायऱ्यांत थोडे अंतर असते, एकल वर आणि त्रिक खाली. हे अंतर अगदी कमी केले तर? खोलीच्या तपमानाला रेणूंच्या हालचालीतली ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पायरी ०.१ च्या आसपास आणली, तर नुसत्या उष्णतेच्या धक्क्यांनी त्रिक अधूनमधून वर चढते आणि तिथून प्रकाश देते. इरिडियमसारख्या महागड्या धातूची गरजच नाही. जपानमध्ये क्यूशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने २०१२ साली हे हिरव्यात करून दाखवले. बाहेर येणारे प्रकाशकण शंभर इलेक्ट्रॉनांमागे १९ पर्यंत गेले. निळ्यात मात्र जुनेच दुखणे पुन्हा आडवे येते. पायरी चढायची वाट पाहत त्रिके मायक्रोसेकंद थांबतात, आणि थांबली की गर्दी. २०१६ साली ताकुजी हाताकेयामा यांनी बोरॉन आणि नायट्रोजन गुंफलेले ताठ, सपाट रेणू बनवले. त्यांचा निळा अतिशय स्वच्छ आहे, पण प्रतीक्षा त्यांनाही चुकलेली नाही.

दुखणे प्रतीक्षेचे असेल, तर प्रतीक्षाच कमी करता येईल का, हाही विचार झाला. रेणू किती वेगाने प्रकाश देईल, हे एकट्या रेणूवर अवलंबून नसते, त्याच्या भोवतालच्या रचनेवरही असते. धातूचा थर योग्य अंतरावर ठेवला तर रेणू लवकर मोकळा होतो. २०२४ साली फॉरेस्ट यांच्याच गटाने या तत्त्वावर निळ्या प्रस्फुरक दिव्याचे आयुष्य आणखी वाढवून दाखवले.

शेवटची युक्ती आपल्या ओळखीच्या पाण्यातली आहे. निसर्गातल्या सुमारे ६४०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा, म्हणजे ड्यूटेरियमचा असतो. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे जड पाण्याचा कारखाना आहे. अणुभट्ट्यांसाठी लागणारे जड पाणी तिथे तयार होते आणि त्यातला हायड्रोजन हाच. निळ्या रेणूतल्या साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसवला तर रंग जवळजवळ बदलत नाही, पण कार्बनशी असलेला बंध तुटायला अधिक वेळ लागतो. कारण जड अणू बंधामध्ये कमी थरथरतो. तुटण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला त्याला थोडी जास्त चढण चढावी लागते. चढण थोडीच वाढते, पण रासायनिक क्रियेचा वेग चढणीवर घातांकाने अवलंबून असल्याने परिणाम कित्येक पट होऊ शकतो. एलजी डिस्प्ले या कोरियन कंपनीने २०२१ च्या डिसेंबरात ड्यूटेरियमयुक्त पडदे जाहीर केले. त्याच कंपनीने मे २०२५ मध्ये निळ्या प्रस्फुरणाचा पडदा व्यापारी उत्पादनाच्या कसोटीला उतरल्याचे सांगितले. रचना मात्र तडजोडीची आहे. दोन मजली निळ्या दिव्यात एक मजला जुन्या भरवशाच्या अनुस्फुरणाचा आणि दुसरा प्रस्फुरणाचा. विजेची बचत सुमारे १५ टक्के.

आता सरांच्या फोनचे. गेलेला निळा परत येत नाही, कारण तुटलेले रेणू जुळत नाहीत. ठसा पुसण्याचा दावा करणारी जी ॲप्स मिळतात, ती पडद्यावर झरझर रंग फिरवून उरलेला भागही तेवढाच झिजवतात. ठसा दिसेनासा झाला तरी पडदा आणखी म्हातारा होतो. उजेड कमी ठेवावा, कळांची पांढरी पाटी काळी करून घ्यावी, आणि एप्रिल-मेमध्ये फोन मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत उन्हात ठेवू नये, कारण तापलेल्या थरात रेणू लवकर तुटतात. असे मी सांगितले. काळ्या भागात ओएलईडीचा ठिपका चक्क बंद असतो, त्यामुळे तिथे झीज होत नाही.

सरांनी लगेच कळा काळ्या करून पाहिल्या. काळ्यावर पिवळा ठसा दिसेना, तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे खर्च न करता दुरुस्त झाला की!" मग फोन अतिनील टॉर्चशेजारी ठेवून ते टॉनिक वॉटर कुठे मिळेल याची चौकशी करू लागले.